बाहेरचे पार्ट

बीडमध्ये ‘आफ्टरमार्केट’ ही भानगड कुणाला समजावून सांगावी लागत नाही. फक्त तिला इथे असं इंग्लिश नाव नाही. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात जा आणि क्लच प्लेट मागा. काउंटरपलीकडचा माणूस मान वर न करता विचारणार, ‘कंपनीचं देऊ का बाहेरचं?’ बाहेरचं म्हणजे स्वस्त. चालेल, पण किती दिवस ते विचारायचं नाही! ऊसतोडीच्या सीझनला कारखान्यावर निघालेला माणूस मनातल्या मनात हिशेब घालतो आणि बहुतेक वेळा बाहेरचंच घेऊन जातो.

आज ज्या छंदाबद्दल लिहितेय, त्यात मामला बरोब्बर उलटा आहे. तिथे कंपनीचा पार्ट म्हणजे डब्यात आलेला साधा प्लास्टिकचा तुकडा. आणि बाहेरचा पार्ट म्हणजे एकदम ऐट! चेक रिपब्लिक, पोलंड, हंगेरी असल्या ठिकाणांहून येणारा, पितळेचा किंवा अॅल्युमिनियमचा, इतका बारीक की शिंक आली तर कोचाखाली शोधत बसावं. आणि किमतीला असा की जितक्याचं किट, तितक्याचेच वरचे पार्ट.

छंद आहे स्केल मॉडेलिंगचा. माझ्या टेबलावर सध्या आहे एक रणगाडा. सेंच्युरियन, स्केल १/३५. म्हणजे खऱ्या टँकच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा. खरा सेंच्युरियन ३.३९ मीटर रुंद. भागिले ३५ केलं की ९७ मिलिमीटर. तुमच्या ऑफिसच्या मोठ्या डायरीवर आरामात उभा राहील. त्याच हिशेबाने पाच फूट सात इंचाचा माणूस जेमतेम पाच सेंटिमीटरचा.

हा पस्तीसचा आकडा कुठून आला? वाटतं काहीतरी भारी मिलिटरी लॉजिक असणार. अजिबात नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने जर्मन पँथर टँकचं किट काढलं, मोटरवर चालणारं. आत मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, म्हणून त्या हिशेबाने मॉडेलचा साइझ ठरला. मागाहून मोजलं तर तो निघाला साधारण १/३५. पुढचे टँक त्याच मापात आले, बाकीच्या कंपन्याही मागे आल्या आणि बॅटरीच्या साइझवरून ठरलेलं माप जगभराचं स्टँडर्ड झालं. तामियाला जगभर पोचवणारे शुनसाकु तामिया २०२५च्या जुलैमध्ये गेले, वयाच्या नव्वदीत. आमच्या छोट्याशा जमातीने त्या दिवशी व्हॉट्सअॅपवर आपापल्या पहिल्या टँकचे फोटो टाकले.

आता मूळ प्रश्न. कंपनी सगळं डब्यात देते, मग वर पैसे कशाला घालायचे? घरच्यांचा हा प्रश्न मला पाठ आहे. उत्तर चक्क पाचवीच्या गणितात आहे. साच्यात प्लास्टिक ओतताना ते फार पातळ करता येत नाही. साधारण एक मिलिमीटर तरी जाडी लागते. आता त्या एका मिलिमीटरला ३५ने गुणा. साडेतीन सेंटिमीटर! खऱ्या टँकवरचा पत्र्याचा डबा किंवा मडगार्ड असतो काही मिलिमीटरचा. मॉडेलवर तो कडाप्प्याच्या फरशीएवढा जाड दिसतो. डोळ्याला नेमकं कळत नाही काय चुकतंय, पण ‘खेळणं’ वाटतं ते त्यामुळे.

इथे पितळेची एंट्री होते. पितळेच्या पातळ पत्र्यावर प्रकाशाला रिअॅक्ट होणारा थर द्यायचा, त्यावर डिझाइन छापायचं आणि उरलेला भाग फेरिक क्लोराइडसारख्या रसायनात विरघळवायचा. मोबाइलमधलं सर्किट बोर्ड जवळजवळ याच पद्धतीने बनतं. याला म्हणतात फोटो-एच. पत्रा असतो एक-दोन दशांश मिलिमीटरचा. त्यातून जाळ्या, कड्या, पट्टे, बिजागऱ्या सगळं निघतं. चेकची एडुअर्ड आणि पोलंडची अबेर ही यातली मोठी नावं. पत्रा वाकवण्याआधी मेणबत्तीवर किंवा गॅसवर जरा तापवून गार करायचा, म्हणजे तो मऊ पडतो. मग दोन ब्लेडच्या मधे धरून घडी घालायची. श्वास रोखून. पंखा बंद करून. मे महिन्यातल्या बीडमध्ये पंखा बंद करून!

दुसरा आयटम तोफेची नळी. किटमध्ये बऱ्याचदा ती दोन अर्ध्यात येते. चिकटवली की मधे शिवण दिसते, ती घासायला जावं तर गोल नळी लंबगोल होते. त्यावर उपाय म्हणजे लेथवर काढलेली अॅल्युमिनियमची अख्खी नळी. तिसरा आयटम पट्टे, म्हणजे ट्रॅक. हंगेरीची फ्रिउलमॉडेल पांढऱ्या धातूच्या एकेक कड्या देते. त्या तारेने ओवायच्या, दोन्ही बाजूंना मिळून दोनशेच्या आसपास. वजनाने त्या खऱ्या पट्ट्यासारख्या चाकांवर सैल पडतात. ओवताना मात्र जुईचा गजरा बरा वाटतो.

आता तुम्ही म्हणाल, पुण्या-मुंबईत ठीक आहे, बीडमध्ये हे सगळं मिळतं कुठे? मिळत नाही. ऑनलाइन मागवायचं आणि वाट बघायची. सरकारदरबारी माझा टँक हे खेळणंच आहे. कस्टम्सच्या ९५०३ नंबरच्या खात्यात बाहुल्या, पझल्स आणि स्केल मॉडेल्स एकाच ओळीत बसतात. खेळण्यांवरची बेसिक कस्टम ड्युटी २०२०च्या फेब्रुवारीत २० टक्क्यांवरून थेट ६० टक्क्यांवर गेली आणि २०२३मध्ये ७०वर. देशी खेळण्यांना बळ मिळावं म्हणून. हेतू चांगला. पण देशी कंपनी १/३५चा सेंच्युरियन काढत नाही, त्यामुळे आमचं सँडविच झालं.

म्हणून मग जुगाड. आणि जुगाडाच्या बाबतीत जिल्ह्याच्या गावाला तोड नाही, बॉस! टँकवर टो-केबल असते, जाड पोलादी दोर. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातली तांब्याची बारीक तार तीन पदरी पिळली की फर्स्ट क्लास टो-केबल. बारीक नळ्यांसाठी मेडिकलमधल्या इंजेक्शनच्या सुया. पितळ चिकटवायला फेव्हिक्विक. चिमटा आणि बिंग मोबाइल रिपेअरवाल्याच्या ओळखीने. नळीसाठी मी सबमर्सिबल पंपाच्या शाफ्ट दुरुस्त करणाऱ्या लेथवाल्याकडे गेले. सेंच्युरियनच्या २०-पाउंडर तोफेचं तोंड ८४ मिलिमीटरचं, म्हणजे माझ्या नळीचं भोक २.४ मिलिमीटर. टोकाकडे निमुळती होत जाणारी. त्याने ड्रॉइंग उलटं-सुलटं करून पाहिलं, दोन नळ्या फुकट घालवल्या, तिसरी जमली. पन्नास रुपये घेतले आणि म्हणाला, ‘ताई, यापरीस पंपाची शाफ्ट सोपी.’

आता तुमच्या लक्षात आलं असेल, माझ्या टँकचे ‘बाहेरचे पार्ट’ अर्धे युरोपातले आणि अर्धे बीडच्या बाजारातले. लांबून फरक कळत नाही. जवळून कळतो, आणि बीडचे जास्त आवडतात.

पण सेंच्युरियनच का? टायगर, शेर्मन असले हीरो सोडून?

कारण हा टँक आमच्या परिसरातला आहे. आष्टी तालुक्याची हद्द ओलांडली की नगर जिल्हा. नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर, २०२४पासून अधिकृत नाव ते. तिथे लष्कराचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे, देशभरातले रणगाडेवाले इथे तयार होतात. आष्टी-पाटोद्याकडच्या कित्येक घरांत कुणी ना कुणी फौजेत असतं. पाऊस बेभरवशाचा, जमीन कोरडवाहू, मग पोरगा पहाटे रस्त्यावर रनिंग करताना दिसतो. भरती हा आमच्याकडचा जुना करिअर ऑप्शन.

आणि सेंच्युरियनवर बसून दोन परमवीर चक्रं मिळवली ती एकाच रेजिमेंटने. पूना हॉर्स. १८१७ साली उभी राहिलेली, नावातच पुणं असलेली. पहिलं चक्र १९६५चं, लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांचं. शाळा पुण्यात. आणि ही गोष्ट बीडवाल्यांनी कान देऊन ऐकावी अशी आहे. तारापोर सुरुवातीला हैदराबाद संस्थानच्या फौजेत होते. त्या वेळी आमचा बीड जिल्हाही निजामाच्याच राज्यात. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गवर चालून गेल्या, रणगाड्यांसकट, आणि १७ तारखेला संस्थान संपलं. शाळेत १७ सप्टेंबरला झेंडावंदन करताना हे सगळं पाठ करून घेतलेलं असतं. संस्थान विलीन झाल्यावर तारापोर पूना हॉर्समध्ये आले, पुढे रेजिमेंटचे कमांडर झाले. १९६५च्या सप्टेंबरमध्ये सियालकोट आघाडीवर फिलोरा-चाविंडाच्या लढाईत जखमी असूनही मागे फिरले नाहीत, आणि १६ सप्टेंबरला त्यांच्या टँकवर गोळा पडला.

दुसरं चक्र १६ डिसेंबर १९७१चं. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, जन्म पुण्याचा. वय २१. कमिशन मिळून सहा महिने. तुमच्या-माझ्या भाषेत सांगायचं तर प्रोबेशनवर! शकरगड भागात बसंतर नदीपलीकडे, जरपालजवळ, समोरून टँक येत होते. त्याच्या सेंच्युरियनला गोळा लागला, आग लागली. वरून ऑर्डर आली, टँक सोड. त्याने रेडिओवर कळवलं की तोफ अजून चालतेय, आणि लढत राहिला. दुसरा गोळा लागला तेव्हा तो आतच होता. त्या टँकचं नाव ‘फमागुस्ता’, सायप्रसमधल्या एका बंदराचं. नंबर जेएक्स २०२. तो दुरुस्त करून नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवलाय.

माझ्या टेबलावर आहे तो फमागुस्ता.

इथपर्यंत सगळं रिसर्च, माप, पितळ आणि फेव्हिक्विक. अवघड प्रश्न पुढे आला. मॉडेलवाल्यांमध्ये ‘वेदरिंग’ हा मोठा कलाप्रकार आहे. नवाकोरा रंगवलेला टँक मुद्दाम मळवायचा. चिखल, गंज, तेलाचे ओघळ, खरचटलेला रंग. पुढची पायरी म्हणजे बॅटल डॅमेज. गोळ्याचं भोक, वितळलेला पत्रा, काजळी. स्पर्धेत बक्षिसं मिळतात ती बहुतेक अशा मॉडेल्सना. त्यासाठीही बाहेरचे पार्ट मिळतात! जळालेल्या चाकांचे रेडिमेड सेट, रबर जळून नुसती रिम उरलेली. फमागुस्ता म्हटल्यावर साहजिकच दोन पर्याय होते. गोळा लागण्याआधीचा, की नंतरचा?

निर्णय घेण्याआधी मी मामाला विचारायचं ठरवलं.

मामा आष्टी तालुक्यातल्या गावी असतात. आर्मर्डमधून दफादार म्हणून रिटायर झाले, विजयंता टँकचे ड्रायव्हर. नोकरी ७१च्या नंतरची, त्यामुळे लढाई पाहिलेली नाही. टँकने त्यांना पेन्शन दिली आणि बहिरेपण दिलं. इंजिन आणि तोफेच्या शेजारी इतकी वर्षं काढल्यावर कान जातात. घरात टीव्ही फुल व्हॉल्यूमवर आणि मामी त्याहून फुल व्हॉल्यूमवर. नोकरीबद्दल कधी बोलत नाहीत. लग्नकार्यात कुणी विचारलंच तर ‘होती आपली नोकरी’ एवढ्यावर विषय संपतो.

मी त्यांच्यासमोर पेपर अंथरून टँक ठेवला. चष्मा बदलून त्यांनी तो चारी बाजूंनी पाहिला. पहिलं बोट गेलं नळीच्या मध्यावरच्या फुगीर भागावर.

‘ह्ये काय हाय, ठावं का?’

‘शोभेला नसणार, एवढं कळतं,’ मी ओरडून सांगितलं.

‘धूर भाईर काढायला. गोळा सुटला की ब्रीच उघडायच्या आदी धूर तोंडाकडनं वढून घेतो. ह्ये नसलं तर आतली मान्सं खोकूनच मरतील.’

एका दमात एवढं! मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मग बोट पुढे उजव्या बाजूला गेलं, ड्रायव्हरच्या झाकणावर. विजयंताचा ड्रायव्हरही उजवीकडेच बसतो. मे महिन्यात आत काय होतं, पत्र्याला हात लागला की कातडी कशी निघते, झाकण बंद करून चालवताना समोरचं किती थोडं दिसतं, हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होते. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

मग मी दोन्ही पर्याय सांगितले. जर्मनीतल्या एका जळक्या टँकच्या मॉडेलचा फोटो मोबाइलवर दाखवला. काम अफलातून होतं, खोटं कशाला सांगू. मामांनी फोटो मोठा करून बघितला.

‘मंग आतल्या पोरांचं काय?’

मला लगेच उत्तर सुचलं नाही.

‘ड्रायव्हर कोन व्हता ह्येच्यात?’

हे मला माहीत होतं. प्रयाग सिंग. गनर नथू सिंग. दोघं वाचले. चौथा नंद सिंग, तो गेला.

‘कमांडरचं नाव समद्याला ठावं असतंय माय. गाडी हालती ती ड्रायव्हरवर. जळाल्याली गाडी करशील तर झाकण लावून करावी लागंल. मंग आत कोन हाय ते कुनाला दिसनार?’

लॉजिक बघा. भावना वगैरे काही नाही, सरळ एका कारागिराचा प्रश्न. मॉडेल म्हणजे दाखवणं. मग दाखवायचं काय? भोक, की माणसं?

याच्या उलट बाजूनेही बोलता येतं, आणि मी मनातल्या मनात बरंच बोलले. लढाई चकचकीत करून दाखवणं हाही खोटेपणाच आहे. शोकेसमधल्या हिरव्यागार टँककडे बघून एखाद्याला वाटेल, किती मस्त गाडी! जळका टँक निदान खरं सांगतो की ही वस्तू कशासाठी असते आणि तिच्या आत बसणाऱ्याचं काय होतं. हा मुद्दा मला आजही पटतो. पण बारकाईने पाहिलं तर त्या बक्षीसवाल्या मॉडेल्समध्ये आपण कौतुक करतो ते काजळीच्या शेडचं, वितळलेल्या रबराच्या टेक्श्चरचं. माणूस त्यात कुठेच नसतो. आणि इथे ज्याचा टँक आहे त्याच्या आईवडिलांना पुढची कित्येक वर्षं त्या एका सकाळीबरोबर राहावं लागलं. वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल २००१मध्ये पाकिस्तानात गेले तेव्हा ज्यांच्या घरी उतरले, तेच निघाले समोरच्या टँकवरचे अधिकारी, ख्वाजा मोहम्मद नासेर. त्यांनी स्वतःहून सांगितलं, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. तीस वर्षांनी! ‘बॅटल डॅमेज’ या शब्दात हे कुठे बसवायचं?

म्हणून माझा फमागुस्ता सकाळचा आहे. नदी ओलांडलेली, चाकांना चिखल, बाजूच्या पत्र्यांवर धूळ. गोळा अजून लागायचाय. कमांडरच्या झाकणातून एक अर्धाकृती. आणि ड्रायव्हरचं झाकण उघडं. डोकं जेमतेम सात मिलिमीटरचं. ते रेझिनमध्ये सुटं मिळतं, पुन्हा बाहेरचाच पार्ट. त्या एका डोक्यासाठी मी सहा डोक्यांचं पाकीट मागवलं. महिनाभर वाट पाहिली. मामा दर रविवारी फोन करून एकच विचारायचे, ‘आलं का डोस्कं?’ शेजारपाजारच्यांना काय वाटत असेल देव जाणे.

रंगवताना त्यांच्या सूचना चालूच होत्या. ड्रायव्हर हसरा नको. मान थोडी पुढे काढलेली हवी, कारण चिखलात चाकाखाली काय आहे ते बघायला सगळेच तशी काढतात. डोळ्यांभोवती धूळ कमी, कारण गॉगल काढलेला. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. कुठल्या कंपनीच्या पाकिटात तर नाहीच.

तर मंडळी, वीकेण्डला मॉलमध्ये चकरा मारून कंटाळला असाल आणि डोक्यातला क्लायंट काढून टाकायचा असेल, तर ट्राय करा. स्क्रीन नाही, नोटिफिकेशन नाही. पितळेची बिजागरी चिमट्यात असताना बॉसचा फोन घेताच येत नाही, हा सगळ्यात मोठा फायदा. सुरुवात करणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगते.

पहिल्या टँकला बाहेरचे पार्ट घेऊ नका. एकही नाही. साधं किट सरळ जोडायला शिका. प्लास्टिकचा सिमेंट गोंद पार्ट चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. त्यामुळे थोडाच लावायचा आणि खिडकी उघडी ठेवायची.

दुसऱ्या टँकला एकच पार्ट घ्या, नळी. कमी कष्टात सगळ्यात जास्त फरक तिथे दिसतो. पितळ तिसऱ्यापासून.

पैसे घालण्याआधी विचारा, हे दिसणार आहे का? सेंच्युरियनच्या पट्ट्यांचा वरचा भाग बाजूच्या पत्र्यांमागे झाकला जातो. तिथे महागाच्या कड्या ओवून ‘मला माहितेय आत काय आहे’ असं म्हणणारे लोक आहेत. थोर लोक. आपण ईएमआयवाले.

आणि फोटोंवर विसंबू नका, खरी वस्तू बघून या. नगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४पासून आहे. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, विजयंता, एएमएक्स-१३, पाकिस्तानकडून मिळालेला पॅटन, शिवाय जुनी रोल्स रॉइस चिलखती गाडी, सगळे उघड्यावर शेजारी शेजारी उभे. पुण्याहून सकाळी निघालात तर रात्रीच्या जेवणाला घरी. आमच्याकडून तर आता रेल्वेही आहे. आष्टी ते नगर २०२२मध्ये सुरू झाली, आणि १७ सप्टेंबर २०२५ला गाडी बीडपर्यंत आली. कित्येक पिढ्यांनी वाट पाहिलेली गाडी. तारीख कुठली निवडली ते बघा!

जाताना फौजेतून आलेला एखादा काका, मामा, शेजारचे आजोबा असतील तर त्यांना सोबत न्या. टेप घेऊन चाकं मोजत बसण्यापेक्षा ते काय बोट दाखवून सांगतात ते लिहून घ्या. मी येत्या महिन्यात मामांना घेऊन चाललेय. त्यांनी विजयंतापाशी किती वेळ थांबायचं ते आधीच ठरवून टाकलंय. ‘तू फिर कुटं फिरायचं तिकडं,’ म्हणाले, ‘मी हाय तिथंच.’